कर्णाचा साचा आणि शंभूराजांचे चरित्र

१/
देहूहून निघालेली इंद्रायणी तळवडे, चिखली, मोशी अशी पिंपरी-चिंचवडच्या उत्तर कडेने वाहत आळंदीला जाते आणि पुढे तुळापूरला भीमेत मिसळते. चाकणच्या उत्तरेकडून येणारी भामाही भीमेलाच मिळते. कारखान्यांच्या या पट्ट्यातले पाणी ज्या संगमाकडे धावते, त्या परिसरात ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांची औरंगजेबाच्या आज्ञेने हत्या झाली. आज चिंचवडमध्ये संभाजीनगर आहे आणि मोशीत महाराजांचा भव्य पुतळा उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. या पट्ट्यातल्या तरुणाच्या मनात संभाजी महाराजांची एक ठसठशीत मूर्ती आहे. ती मूर्ती आली कुठून?

२/
उत्तर सरळ आहे. ती एका कादंबरीतून आली. कादंबरी वाचलेली नसली, तरी तिच्यातूनच आली.

३/
शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचा. कोल्हापुरात ते शिक्षक होते; पुढे पुण्यात ‘लोकशिक्षण’ मासिकाचे संपादन त्यांनी केले. १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वय अवघे २७ होते. १९७९ मध्ये ‘छावा’ आली. पुढे श्रीकृष्णावरची ‘युगंधर’. एक पुराणातला नायक, एक इतिहासातला, पुन्हा एक पुराणातला. २००२ मध्ये सावंत गेले. त्यांनी घडवलेली माणसे मात्र मराठी मनात इतकी पक्की बसली आहेत की व्यासांचा कर्ण आणि कागदपत्रांतले संभाजी महाराज यांना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरावे लागते.

४/
हा धागा सावंतांच्या थोरवीविषयी नाही आणि त्यांच्या उणिवांची यादीही नाही. प्रश्न एवढाच आहे: पुराण नव्याने सांगताना जे स्वातंत्र्य शोभून दिसते, तेच इतिहास सांगताना घेता येते का? ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’ शेजारी ठेवल्या की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. कर्णासाठी घडवलेला साचा शंभूराजांसाठी वापरला गेला. त्याने एक मोठा अन्याय दूर झाला, आणि काही नवे अन्याय जन्माला आले.

५/
आधी कर्ण. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभले आणि १९६६ मध्ये संहिता पूर्ण झाली. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून, नंतर घुसलेला भाग तळटीपांत काढून, जुन्यात जुनी संहिता कोणती याचा शोध तिथे घेतला गेला. त्यानंतरच्याच वर्षी, १९६७ मध्ये, मराठीत दोन पुस्तके आली. एक ‘मृत्युंजय’. दुसरे इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, ज्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कर्वेबाईंनी चिकित्सक आवृत्ती हाताशी धरली. त्यांच्या कर्णावरच्या लेखाचे शीर्षकच ‘मी कोण?’ असे आहे, आणि त्या कर्णाच्या चुका झाकत नाहीत. सावंतांनी नेमके उलटे केले. त्यांनी कर्णाला बोलू दिले.

६/
‘मृत्युंजय’मध्ये सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. ज्याच्या तोंडी ‘मी’ येतो, त्याच्या बाजूने वाचक नकळत उभा राहतो. हे कथनाचे फार जुने वर्म आहे. व्यासांच्या सभापर्वात द्रौपदीला ‘बंधकी’ म्हणणारा आणि तिची वस्त्रे काढून घ्यायला सांगणारा कर्ण आहे. घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळ काढणाराही तोच. कादंबरीच्या वाचकाला मात्र आठवतो तो कवचकुंडले कापून देणारा, सूतपुत्र म्हणून पावलोपावली हिणवला गेलेला दानशूर. स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्राला नाकारले, हा सर्वांना पाठ असलेला प्रसंगसुद्धा चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेतून तळटीपेत नेऊन ठेवला आहे. संपादकांनी तो तिथे नेला. लोकांच्या मनातून तो काही हलला नाही.

७/
यात गैर काही नाही. महाभारत हे मुळातच पुन्हा पुन्हा सांगितले जाणारे काव्य. भासाने ‘कर्णभारा’त आपला कर्ण उभा केला, रामधारीसिंह दिनकरांनी हिंदीत ‘रश्मिरथी’ लिहिले, रणजित देसाईंनी १९७३ मध्ये ‘राधेय’ लिहिली. प्रत्येक पिढी आपला कर्ण घडवते आणि आधीचा कर्ण त्यामुळे खोटा ठरत नाही. शोणाला कादंबरीकाराने स्वतःचे मन दिले, वृषालीला आवाज दिला, म्हणून कोणा जित्या माणसाची मान खाली गेली नाही. दुःशासनाचे वंशज पत्रकार परिषद घेत नाहीत.

८/
शिवाय त्या कर्णाला एक काळही लाभला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाजचे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून गाव सोडून आलेली, घरात पहिल्यांदाच जाड पुस्तक हातात धरणारी पिढी या वसाहतींत राहत होती. अंगी गुण असून जातीमुळे, गावामुळे, कुळामुळे अडवला गेलेला नायक या वाचकाला समजावून सांगावा लागला नाही. तो त्याच्या ओळखीचा होता. ‘मृत्युंजय’च्या यशामागे भाषेचा फुलोरा जितका आहे, तितकाच हा वाचकही आहे, समीक्षेने त्याच्याकडे फारसे वळून पाहिलेले नाही, हा भाग निराळा.

९/
आता संभाजी महाराज. १९६० पूर्वीचा मराठी वाचक त्यांना कसा ओळखत होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय ‘छावा’चे मोल कळत नाही. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी लिहिली गेली. लेखक चिटणीस घराण्यातले. त्याच घराण्यातल्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली होती. घराण्याची ही जखम बखरीत उतरली, असे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण ‘राजसंन्यास’मधले संभाजीचित्र याच परंपरेतले. गोविंद सखाराम सरदेसायांसारख्या साक्षेपी इतिहासकाराने ‘मराठी रियासत’च्या खंडाला ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले. निकाल शीर्षकातच लागला होता.

१०/
हा निकाल फिरवला तो कादंबरीने नव्हे. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी दशकानुदशके कागद गोळा करून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. वढू बुद्रुक येथील समाधीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १९७१ मध्ये कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. मोगल, पोर्तुगीज, सिद्दी, म्हैसूर अशा अनेक आघाड्यांवर ९ वर्षे राज्य राखणारा राजा, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा पंडित, हे चित्र या दोघांनी कागदावरून उभे केले. रंगभूमीनेही वळण घेतले. वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ १९६८ चे. ‘छावा’ आली तेव्हा बेंद्रे यांचे चरित्र १९ वर्षे आणि गोखले यांचा ग्रंथ ८ वर्षे अभ्यासकांच्या हाती होता. सावंतांनी या संशोधनाला घराघरांत नेले. ही कामगिरी लहान नाही. पण ‘संभाजी महाराजांवरचा कलंक कादंबरीने पुसला’ असे जे सर्रास बोलले जाते, त्यात बेंद्रे आणि गोखले यांच्यावर अन्याय होतो. कादंबरीकाराचे नाव रिक्षावाल्याला माहीत असते, संशोधकाचे नाव पदवीधरालाही नसते.

११/
आता साच्याकडे. कर्णकथेला काय लागते? निष्कलंक, गैरसमजाचा बळी ठरलेला नायक. त्याला आईच्या मायेची पोकळी. भोवती कारस्थान. एक जिवलग मित्र, ज्याच्यावर जग संशय घेते. जवळच्याने केलेला घात. आणि अखेरीस शत्रूलाही लाज वाटेल असे मरण. संभाजी महाराजांच्या चरित्रात यातले प्रत्येक खण भरण्याजोगे काही ना काही आहे: सईबाईंचा १६५९ मधला मृत्यू, सोयराबाई आणि प्रधानांची कारस्थाने, कवी कलश, शिर्के, आणि १६८९ मधले ते चाळीस दिवस. कथनाची पद्धत ‘छावा’त वेगळी आहे, ‘मृत्युंजय’सारखी सहा मनोगते तिथे नाहीत. साचा मात्र तोच. इतिहासातली माणसे त्या खणांत बसवताना त्यांचे कोपरे तासावे लागले.

१२/
सोयराबाई पाहा. लोकमानसात त्या कैकेयी होऊन बसल्या आहेत. राजारामांना गादीवर बसवण्याच्या खटपटीत त्या होत्या, यात शंका नाही. पण २४ ऑगस्ट १६८० चे, बाकरे घराण्याला दिलेले संभाजी महाराजांचे संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात सावत्र आईचे अंतःकरण स्फटिकासारखे निर्मळ असल्याचा आशय येतो. ती भाषा राजकीय असेल, औपचारिक असेल, वरवर सलोखा राखण्यासाठीही असेल. पुढच्याच वर्षी सोयराबाईंचा मृत्यू झाला आणि त्याभोवतीही वाद आहेत. तरीही तो कागद आहे, आणि त्यावर बोलतो आहे तो स्वतः राजा. कैकेयीच्या खणात हा कागद बसत नाही.

१३/
खरी कसोटी डिसेंबर १६७८ मध्ये लागते. युवराज संभाजीराजे स्वराज्य सोडून दिलेरखानाकडे गेले आणि जवळजवळ एक वर्ष मोगलांच्या बाजूला राहिले. या एका वर्षापुढे प्रत्येक लेखकाची लेखणी अडखळते. काहींनी ते केवळ तरुणपणीचे उतावळेपण मानले, काहींनी शिवाजी महाराजांचीच गुप्त चाल, काहींनी घरच्या कलहाचा परिणाम. गुप्त चालीचा तर्क लोकप्रिय आहे, कारण तो नायकाला एका झटक्यात निर्दोष करतो. पण एप्रिल १६७९ मधला भूपाळगड या तर्काच्या आड येतो.

१४/
आणि इथेच चाकण या गोष्टीत येते. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेला त्या किल्ल्याने जवळपास दोन महिने रोखून धरले. आत तीन-चारशे माणसे, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हाच किल्ला पडला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली आणि ते शिवाजी महाराजांकडे परतले, ही गोष्ट चाकणच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही.

१५/
सांगली जिल्ह्यातल्या बाणूरजवळचा भूपाळगड. दिलेरखानाने त्याला वेढा घातला तेव्हा त्याच्या छावणीत युवराज होते, आणि गडाचा किल्लेदार म्हणून परंपरा ज्याचे नाव घेते तो हाच चाकणचा फिरंगोजी. १९ वर्षांपूर्वी ज्याने मोगली तोफांपुढे मान वाकवली नाही, त्याच्यासमोर आता मोगलांच्या बाजूने आपल्याच धन्याचा मुलगा उभा. तोफ डागावी तर युवराजावर, न डागावी तर गड जातो. गड गेला. पकडलेल्या सुमारे ७०० माणसांचे एकेक हात तोडण्यात आले. ते दिलेरखानाने केले, युवराजांना ते रुचले नाही, असे मानायला जागा आहे. पुढे काही महिन्यांनी त्यांनी मोगलांना सोडले आणि पन्हाळा गाठला. फिरंगोजींना गड सोडल्याबद्दल काय भोगावे लागले, याविषयी बखरी एकवाक्यता दाखवत नाहीत.

१६/
मराठीतल्या कोणत्याही ऐतिहासिक कादंबरीला भूपाळगडापेक्षा मोठा विषय मिळणे कठीण. निष्ठा म्हणजे गादीशी की गादीच्या वारसाशी? हात तुटलेल्या सातशे माणसांनी १६८० मध्ये नव्या छत्रपतींच्या राज्यारोहणाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? या प्रश्नांना सामोरे जाणारा नायक अधिक मोठा ठरतो, कारण तो चुकून परत आलेला, आणि परत आल्यावर ९ वर्षे त्या चुकीची भरपाई करणारा माणूस असतो. निष्कलंक नायकाच्या साच्याला ही चूक परवडत नाही. म्हणून ती वाचकाच्या स्मरणातून हळूच बाजूला सरकते. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट ‘छावा’ शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुरू होतो आणि थेट १६८१ च्या बुऱ्हाणपूरच्या छाप्यावर झेप घेतो. भूपाळगडाला कथेत जागाच उरत नाही.

१७/
त्याच चित्रपटाने साच्याचा दुसरा खणही उघडा पाडला: घातकी. जेधे शकावलीत १६८८ च्या कार्तिकातली नोंद आहे, की शिर्के कवी कलशाविरुद्ध उठले, छत्रपती रायगडाहून कलशाच्या मदतीला आले आणि संगमेश्वराजवळ शिर्क्यांशी लढाई झाली. वैर होते, उघड होते. पण फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानाला संगमेश्वराची वाट गणोजी शिर्क्यांनीच दाखवली, हे त्या वैरावरून काढलेले अनुमान आहे. मोगल दरबारी इतिहास हेरांनी आणलेल्या बातमीबद्दल बोलतो. अनुमान बरोबरही असू शकेल. पण कथेत ते अनुमान म्हणून उरत नाही; पडद्यावर माणूस हलक्या आवाजात बोलताना दिसतो आणि तो पुरावा होतो. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, बदनामीच्या दाव्याचा इशारा दिला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. चित्रपटात फक्त गणोजी, कान्होजी अशी नावे आहेत, आडनाव नाही, असा त्यांचा खुलासा होता. पाहणाऱ्या प्रत्येकाला आडनाव ठाऊक होते, ही त्यातली अडचण.

१८/
याच चित्रपटाच्या झलकीतल्या लेझीम खेळणाऱ्या छत्रपतींवर आधी गदारोळ झाला होता आणि ते दृश्य वगळण्यात आले. लेझीम खेळणारा राजा चालत नाही, आणि पुराव्यावाचून घातकी ठरवलेला मेहुणा चालतो! नायकाच्या प्रतिमेला धक्का लागला की समाज जागा होतो. खलनायकाच्या बाबतीत पुरावा मागण्याचे काम त्याच्या वंशजांवर सोडलेले असते.

१९/
कादंबरीच्या बाजूने बोलणारे एक खरे आणि वजनदार म्हणणे मांडतात. कादंबरी हा प्रबंध नव्हे. बेंद्रे यांचे चरित्र विकत घेणारे किती, आणि ‘छावा’ वाचून वढूला जाणारे किती? कथेने ओढ लावली नाही तर कागदाकडे कोणी फिरकणारच नाही. हे मान्य करावेच लागते. इतिहासाची गोडी लागलेल्या आजच्या बहुतेक तरुणांची सुरुवात ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’ यांपैकी एखाद्या पुस्तकाने झालेली असते. लेखकाला प्रत्येक पानाखाली टीप द्यायला सांगणे हाही अतिरेकच होईल.

२०/
पण ओढ लावणे वेगळे आणि वाट अडवणे वेगळे. कादंबरी वाचून जो पुढे बेंद्रे यांच्यापर्यंत पोचतो, त्याच्यासाठी कादंबरी दार ठरली. जो कादंबरीतलाच संवाद पुरावा म्हणून समोरच्याच्या तोंडावर फेकतो, त्याच्यासाठी ती भिंत ठरली. दुर्दैवाने दुसरा वर्ग मोठा आहे आणि मोबाइलवर त्याचा आवाज त्याहून मोठा आहे. याची जबाबदारी पूर्णपणे लेखकावर टाकता येत नाही. प्रस्तावनेत चार ओळी लिहून ‘इथून पुढे माझी कल्पना’ असे सांगणे मात्र लेखक-प्रकाशकांच्या हातचे होते आणि आजही आहे. काही मराठी कादंबरीकारांनी साधनांची चर्चा पुस्तकात केली आहे. तो रिवाज सर्वमान्य झाला असता तर बरेच पुढचे टळले असते.

२१/
पुढचे म्हणजे काय, हे याच पट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. वढू बुद्रुकला महाराजांवर अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद महार यांचे स्थान काय, या प्रश्नावर २०१७ च्या डिसेंबरअखेर तिथल्या फलकावरून तणाव झाला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला आणि त्याचे पडसाद पिंपरी-चिंचवडपर्यंत उमटले. ‘छावा’ चित्रपटानंतर मार्च २०२५ मध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल उसळली. चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत म्हटले. दंगलीची कारणे कधीच एका कलाकृतीत सापडत नाहीत. तरीही जिथे लोक भूतकाळ वर्तमानासारखा जगतात, तिथे भूतकाळातला खलनायक कल्पनेने ठरवणे ही निव्वळ साहित्यिक बाब राहत नाही. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळ लोक चित्रपट पाहून रात्री विजेऱ्या घेऊन शेतात मोगलांचे सोने खणत होते. त्यावर हसू येते. पण दोन्हीकडचा विश्वास एकाच जातीचा होता: पडद्यावर दिसले म्हणजे जमिनीत आहेच.

२२/
कागद रुक्ष असतो, ही तक्रार पुरती खरी नाही. चिंचवडचेच उदाहरण घ्यावे. मोरया गोसावींच्या देव घराण्याची इनामे, सनदा आणि हिशेब यांच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. राज्यकर्ते बदलत राहिले आणि त्या बदलांतून एका देवस्थानाने आपली इनामे कशी टिकवली, नवी कशी मिळवली, हे त्यात दिसते. स्वराज्य म्हणजे नुसते छापे आणि वेढे नव्हते. कोणत्या गावचा किती महसूल कोणाला, कोणत्या अधिकाऱ्याने कोणाला उपद्रव देऊ नये, यावर लिहिलेली शेकडो पत्रे म्हणजेही स्वराज्य. ज्याला कारखान्यातल्या कामाच्या पाळ्यांचे आणि कंत्राटाचे राजकारण रोज भोगावे लागते, त्याला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. त्यावर अजून मोठी मराठी कादंबरी आलेली नाही, हे आश्चर्यच.

२३/
आणि शिर्क्यांच्या गोष्टीचाही शेवट संगमेश्वराला होत नाही. गणोजी हे येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. त्यांचा सल होता तो दाभोळच्या वतनाचा. १६८९ नंतर ते मोगलांच्या बाजूला होते, आणि झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला तेव्हा त्याच छावणीत होते. छत्रपती राजाराम महाराज जिंजीतून निसटले, ते याच शिर्क्यांच्या साहाय्याने, असे मराठी परंपरा सांगते. त्यांना वळवायला जो माणूस गेला तो खंडो बल्लाळ चिटणीस. संभाजी महाराजांनी ज्यांना देहान्ताची शिक्षा दिली त्या बाळाजी आवजींचा मुलगा. बापाच्या मृत्यूनंतरही तो त्याच गादीच्या चाकरीत राहिला होता. शिर्क्यांनी दाभोळचे वतन मागितले, ते खंडो बल्लाळाकडे होते, आणि छत्रपतींच्या सुटकेसाठी त्याने ते सोडून दिले. ज्याच्या घराण्यातल्या बखरीने संभाजी महाराजांना बदनाम केले तो एकनिष्ठ, आणि ज्याला घातकी म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो त्याच्या हातून छत्रपती वाचला. कर्णाच्या साच्यात या दोघांसाठी खण नाही.